पसरणीचा घाट, स्ट्रॉबेरी आणि गो-कार्ट

वाचकहो, खरिपाची सुगी आटोपली, शाळूला आणि हरभऱ्याला पाणी देऊन झाले की डिसेंबर-जानेवारीत दोन दिवस मोकळे सापडतात. त्या दोन दिवसांत घरच्या मंडळींना घेऊन कुठे जावे, असे मला पुष्कळ जण विचारतात. युरियाचा दुसरा हप्ता कधी द्यायचा हे लोक विस्तार अधिकाऱ्याला ज्या विश्वासाने विचारतात, त्याच विश्वासाने सहलीचेही विचारतात, ही आमच्या नोकरीतली गंमत आहे. माझे उत्तर ठरलेले असते. वाईला जा, पसरणीचा घाट चढा, पाचगणीवरून महाबळेश्वरला जा आणि वाटेत स्ट्रॉबेरीचे वाफे बघा. अलीकडे या उत्तराला एक पुरवणी जोडावी लागते. त्या रस्त्याच्या कडेला आता गो-कार्ट नावाच्या बुटक्या गाड्या पळतात, आणि तुमच्याबरोबर शाळकरी पोर असेल तर ते तुम्हाला तिथून हलू देणार नाही. म्हणून आज थोडे वाटेविषयी आणि बरेचसे या गाडीविषयी लिहितो.

पुणे-सातारा रस्त्यावर सुरूरला वळले की थोड्या वेळात वाई येते. कृष्णेचा घाट, १७६२ साली गणपतराव रास्त्यांनी बांधलेले ढोल्या गणपतीचे देऊळ, मराठी विश्वकोशाचे कार्यालय हे सगळे पाहण्यासारखे आहे, पण ते पायी आणि सावकाश पाहावे. वाईच्या रानातली हळद जाता जाता जरूर पाहा. घाट सुरू झाला की धोम धरणाचे पाणी डाव्या-उजव्या हाताला लपाछपी खेळते आणि कान दडे बसल्यासारखे होतात. बारा-तेरा किलोमीटरांत आपण पाचगणीला, म्हणजे समुद्रसपाटीपासून सव्वाचार हजार फुटांच्या आसपास येतो. खाली वाईत अंगातला सदरा नकोसा होतो, वर मुलांना स्वेटर चढवावा लागतो. पाचगणीच्या पठारावर तांबडा जांभा उघडा पडला आहे. हा दगड कसा तयार झाला हे मुलांना तिथे उभे राहून सांगितले तर भूगोलाच्या पुस्तकापेक्षा जास्त ध्यानात राहते. पावसाने वर्षानुवर्षे सगळा चुना-सिलिका धुऊन नेला, लोह आणि ॲल्युमिनियम मागे राहिले, त्याचा हा जांभा. एवढे सांगितले तरी पुरे.

पाचगणीच्या पुढे भिलार लागते. ४ मे २०१७ पासून ते पुस्तकांचे गाव म्हणून ओळखले जाते. घराघरांत पुस्तके मांडली आहेत आणि पाहुण्याला ती बसून वाचता येतात. पण शेतकऱ्याचे लक्ष पुस्तकांआधी वाफ्यांकडे जाणार हे मला ठाऊक आहे. जावे. सप्टेंबर-ऑक्टोबरात पाऊस ओसरला की गादीवाफ्यावर रोपे लावतात, खाली ठिबकची नळी, वर प्लास्टिकचा कागद. पूर्वी कागदाऐवजी भाताचा पेंढा पसरत. फळ मातीला टेकले की कुजते, त्यासाठी हा सारा खटाटोप. डिसेंबरपासून तोडा चालू होतो तो पार एप्रिलपर्यंत. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला २०१० साली भौगोलिक मानांकन मिळाले. तिथल्या बागाईतदाराला एक प्रश्न अवश्य विचारा : तोडा किती वाजता करता? उत्तर येईल, उजाडता उजाडता. स्ट्रॉबेरी तोडल्यावर पिकत नाही, आंब्यासारखी आढीत घालता येत नाही. ती झाडावरच लाल व्हावी लागते आणि गार असतानाच देठासकट खुडून डब्यात जावी लागते.

आता गो-कार्टकडे येऊ.

दोन वर्षांपूर्वी आमच्या तालुक्यातल्या चौदा शेतकऱ्यांचा अभ्यासदौरा घेऊन मी या भागात गेलो होतो. काहींबरोबर घरची मंडळीही होती. मल्चिंग पाहून झाले, ठिबकच्या टाक्या पाहून झाल्या आणि परतीच्या वाटेवर पोरांनी गाडी थांबवायला लावली. रस्त्याच्या कडेला डांबराची नागमोडी वाट, दोन्ही बाजूंनी जुन्या टायरींची उतरंड, आणि मध्ये चार-सहा बुटक्या गाड्या भर्रर्र करीत फिरत होत्या. आमच्यात वीस वर्षे ट्रॅक्टर चालवणारे एक गृहस्थ होते. उसाची दोन ट्रॉल्या जोडलेली गाडी रात्रीच्या अंधारात कारखान्यावर नेणारा हा माणूस. ते हसून म्हणाले, "साहेब, ही तर पोरांची खेळणी. बसतो की." बसले. पहिल्याच वळणावर गाडी गर्रकन फिरली आणि तोंड आले त्या दिशेला करून थांबली. दुसऱ्या वळणावर पुन्हा तेच. त्यांच्या मागून सुटलेली त्यांची बारा वर्षांची पुतणी मात्र शांतपणे फेऱ्या मारीत होती. उतरल्यावर ते मला म्हणाले, "ह्येला क्लच कुठं ठेवलाय तेच कळंना."

त्यांच्या या एका वाक्यात सगळे आले आहे. ट्रॅक्टरवर डाव्या पायाखाली क्लच असतो आणि ब्रेक उजव्या पायाकडे. गाडी जरा भलतीकडे निघाली की आपला डावा पाय आपोआप खाली जातो, विचार करावा लागत नाही. गो-कार्टला दोनच पेडल असतात. उजवीकडचे गाडी पळवायचे, डावीकडचे थांबवायचे. गिअर नाही, पायाचा क्लच नाही. म्हणजे सवयीचा डावा पाय क्लच समजून जो दाबला जातो तो ब्रेक असतो, तोही ऐन वळणात. या गाडीचा ब्रेक फक्त मागच्या चाकांना असतो. वळणात मागची चाके एकदम जाम झाली की ती रस्ता सोडतात आणि मागचा भाग पुढे यायला बघतो. गाडी फिरली ती अशी. पुतणीला ट्रॅक्टरची सवय नव्हती, म्हणून तिच्या डाव्या पायाला काही विसरायचे नव्हते. तेव्हा ट्रॅक्टर, जीप चालवणाऱ्या मंडळींनो, बसल्याबरोबर गाडी सुरू होण्याआधीच डावा पाय चार वेळा दाबून मनाशी म्हणा, हा ब्रेक, हा ब्रेक. आणि दोन्ही पाय एकाच वेळी कधीही दाबू नका. एक दाबायचा तर दुसरा उचललेला पाहिजे.

क्लच नाही म्हणजे मुळीच नाही असे नव्हे. तुमच्याकडे गवत कापायचे ब्रश कटर असेल तर आठवा. इंजिन चालू असते, पण रेस दिल्याशिवाय पाते फिरत नाही. आत एक क्लच असतो, वेग वाढला की त्याचे बूट बाहेर फेकले जाऊन ढोलाला धरतात. गो-कार्टलाही तसाच असतो. इंजिन गुरगुरत असते आणि गाडी जागच्या जागी, उजवा पाय दाबला की निघते. इंजिनाचीही ओळख निघते. भाड्याने फिरवायच्या बहुतेक गाड्यांना एक सिलिंडरचे चार-स्ट्रोक पेट्रोल इंजिन असते, आपल्या पॉवर वीडरवर आणि छोट्या पंपावर बसते त्याच जातीचे.

ही जात मुळापासूनच घरगुती आहे. १९५६ साली अमेरिकेत कॅलिफोर्नियात आर्ट इंगल्स या गृहस्थाने पहिली गो-कार्ट बनवली. तो शर्यतीच्या मोटारी बांधणाऱ्या कारखान्यात कामाला होता. लू बोरेली या मित्राला हाताशी धरून त्याने नळ्या जोडून सांगाडा केला आणि त्याला गवत कापायच्या यंत्राचे इंजिन बसवले. पासाडेना गावच्या रोझ बोल मैदानाबाहेर मोटारी लावायची मोकळी जागा होती, तिथे ती पळवली. बघता बघता लोकांनी तशाच गाड्या मागायला सुरुवात केली. १९५९ साली मॅकलक कंपनीने खास या गाडीसाठी इंजिन काढले, ते लाकूड कापायच्या करवतीच्या इंजिनावरून बेतलेले होते. पुढे जगातले मोठमोठे शर्यतवीर या बुटक्या गाडीवरच शिकले. ब्राझीलचा आयर्टन सेना तीन वेळा जगज्जेता झाला, १९८८, १९९० आणि १९९१ साली. चार वर्षांचा असताना त्याच्या वडिलांनी त्याला गवत कापायच्या यंत्राचे एक अश्वशक्तीचे इंजिन लावून गो-कार्ट करून दिली होती, आणि सातव्या वर्षी तो घरच्या शेतावर जीप फिरवीत असे. आपल्या देशातला फॉर्म्युला वनपर्यंत पोचलेला पहिला चालक नारायण कार्तिकेयन. २००५ साली तो तिथे उतरला. तो कोइमतूरचा, म्हणजे आपल्या विहिरींवरचे कितीतरी पंप जिथून येतात त्या गावचा. जिथे मोटारी-पंप होतात, ओतशाळा आणि लेथ आहेत, तिथल्या पोरांचा हात यंत्रावर लवकर बसतो असे माझे आपले मत आहे. आपल्या कोल्हापूर-सांगलीकडेही हेच दिसते.

असो. गाडी का फिरते याचे दुसरे कारण मला जास्त महत्त्वाचे वाटते, आणि ते शेतकऱ्याला जितके चटकन कळेल तितके शहरातल्या माणसाला कळणार नाही. बैलगाडीचा आस जागेवर पक्का असतो आणि चाके त्याच्यावर सुटी फिरतात. म्हणून गाडी वळवताना आतले चाक जवळजवळ थांबते, बाहेरचे चालत राहते आणि गाडी जागच्या जागी वळते. ट्रॅक्टरला त्याच कामासाठी डिफरन्शियल दिलेला असतो. चिखलात एक चाक गरगरा फिरू लागले की आपण डिफरन्शियल लॉक लावतो, दोन्ही चाके सारखी फिरू लागतात आणि ट्रॅक्टर बाहेर येतो. पण लॉक लावून वळायला गेलात तर काय होते? स्टिअरिंग कितीही फिरवा, ट्रॅक्टर सरळच ओढतो. गो-कार्ट म्हणजे कायमचा लॉक लावलेला ट्रॅक्टर समजा. मागे एकच सलग दांडी, तिला दोन्ही चाके घट्ट बसवलेली. अर्धे वळण घेऊन उलट दिशेला तोंड करायचे झाले तर बाहेरच्या चाकाला आतल्यापेक्षा साधारण साडेतीन मीटर जास्त चालावे लागते. दांडी एक असल्यामुळे दोघांपैकी एकाला घासत जावेच लागते. यावर तोड म्हणून पुढच्या चाकांची बैठक अशी केलेली असते की स्टिअरिंग वळवले की आतल्या बाजूचे मागचे चाक किंचित उचलले जाते, आणि गाडी तीन चाकांवर वळते.

म्हणून वळणाचा नियम असा : वळण येण्याआधी, गाडी सरळ असतानाच ब्रेक लावून वेग उतरवा. मग पाय सोडा. मग वळवा. तोंड सरळ व्हायला लागले की हळूहळू उजवा पाय दाबा. ब्रेक आणि वळण यांची सरमिसळ केलीत की गाडी फिरली म्हणून समजा. हा क्रम एकदा अंगवळणी पडला की बाकीचे आपोआप येते.

वाट कुठून धरावी, हेही सांगतो. उसाची ट्रॉली घेऊन अरुंद बांधावरून रस्त्यावर वळताना तुम्ही काय करता? आधी बाहेरच्या कडेला जाता, मग आतल्या कोपऱ्याजवळून ट्रॉली काढता आणि पुन्हा बाहेर येता. इथेही तसेच करायचे. बाहेरून आत, आतून बाहेर. नवा माणूस आतल्या कडेला चिकटून वळायला जातो आणि मग बाहेरच्या टायरींवर जाऊन आदळतो.

नजर कुठे ठेवायची? पाभर धरणाऱ्या जुन्या माणसाला विचारा. तो फणाकडे बघत नाही. रानाच्या पलीकडच्या टोकाला एखादे बाभळीचे झाड धरतो आणि त्यावर डोळा ठेवून चालतो, म्हणून त्याचे तास सुतासारखे सरळ जाते. गो-कार्टमध्ये पहिल्यांदा बसलेला माणूस पुढच्या चाकाकडे किंवा समोरच्या टायरींकडे बघतो. ज्याच्याकडे बघाल तिकडे गाडी जाते. टायरींकडे बघितले की टायरींवर जाणार. ज्या वळणातून बाहेर पडायचे त्याच्या पलीकडे बघा, हात मागोमाग येतात.

स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरा, घड्याळात पावणेतीन वाजल्यासारखे. ट्रॅक्टरसारखे गरागरा फिरवायचे काम इथे नाही. पाव फेरी फिरवली की चाके पुरती वळतात. स्प्रिंगा किंवा शॉक ॲब्सॉर्बर नसतात, रस्त्यावरचा खडान्‌खडा हातात आणि पाठीत कळतो. बूड जमिनीपासून चार बोटांवर, त्यामुळे ताशी ४० किलोमीटर वेग ८० वाटतो. तरी ४० म्हणजे काही थोडे नव्हे. त्या वेगाला गाडी एका सेकंदात ३६ फूट जाते. पुढच्या गाडीच्या शेपटीला शेपटी लावून चालणाऱ्या तरुण मंडळींनी हा हिशोब ध्यानात ठेवावा. पहिली फेरी निव्वळ बघण्यासाठी घाला. टायर गार असतात, त्यांना खाचा नसतात, आणि सकाळच्या वेळी त्या भागात दव आणि धुके असते. ओल्या डांबरावर बिनखाचांचा टायर साबणासारखा सरकतो. महाबळेश्वरला वर्षाला सुमारे सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो, तेव्हा पावसाळ्यात या खेळाचा विचारही नको. हिवाळ्यात ऊन चांगले वर आल्यावर जा.

आता ज्या गोष्टीसाठी मी मुख्यतः हा लेख लिहायला घेतला तिच्याकडे येतो. भगिनींनो, तुम्ही विशेष लक्ष द्या.

बसायच्या जागेच्या बरोबर मागे ती सलग दांडी फिरत असते आणि तिच्या शेजारी साखळी आणि इंजिन. मागच्या टायरीचा व्यास साधारण ११ इंच असतो. ताशी ४० किलोमीटर वेगाला ती दांडी मिनिटाला साडेसातशेच्या आसपास फेरे घेते. ट्रॅक्टरच्या पीटीओचा शाफ्ट मिनिटाला ५४० फेरे घेतो. पीटीओवर धोतराचा सोगा किंवा साडीचा पदर गेला तर काय होते, हे ज्या गावाने एकदा पाहिले ते गाव विसरत नाही. मळणीयंत्रात हात गेलेली माणसे मी माझ्या नोकरीत पाहिली आहेत. अशा यंत्रांसाठी १९८३ साली केंद्र सरकारला वेगळा कायदा करावा लागला. गो-कार्टची दांडी पीटीओपेक्षा जलद फिरते आणि तुमच्या पाठीपासून वीतभर अंतरावर असते. फेब्रुवारी २०१८ मध्ये हरियाणात पिंजोरला एका तरुण स्त्रीचे केस गो-कार्टमध्ये अडकून ती दगावली. ऑक्टोबर २०२० मध्ये हैदराबादजवळ एका विद्यार्थिनीच्या बाबतीत तेच घडले. दोघीही सहज गंमत म्हणून गेल्या होत्या.

एका सेकंदात बारा फेरे. ओढणीचे टोक दांडीला शिवले की हात मागे जाईपर्यंत सगळी ओढणी गुंडाळलेली असते, आणि तिचे दुसरे टोक गळ्यात असते. ओरडायला उसंत मिळत नाही.

म्हणून ओढणी, मफलर, उपरणे, गळ्यातला टॉवेल, लांब माळ हे सगळे उतरवून घरच्या माणसाजवळ द्या. वेणी असेल तर अंबाडा घाला, त्यावर घट्ट रुमाल बांधा आणि मग हेल्मेट चढवा. नुसती वेणी हेल्मेटखालून पाठीवर सोडली तर हेल्मेटचा काही उपयोग नाही. शेंडा कॉलरच्या आत, सदऱ्याच्या आत गेला पाहिजे. साडी नेसून बसू नये. पदर खोचला तरी धक्क्याने सुटतो. आमच्या दौऱ्यातल्या एका वहिनींना बसायची फार हौस होती. त्यांचे यजमान म्हणाले, "राहू दे, बायकांचं काम नव्हे." वहिनी काही बोलल्या नाहीत. गाडीत जाऊन मुलाची पँट आणि दिराचा सदरा चढवून आल्या, केस रुमालात बांधले आणि पाच फेऱ्या मारून आल्या. एकदाही टायरींना लागल्या नाहीत. यजमान दोनदा लागले होते. मला विचाराल तर हा खेळ बायकांनी जरूर खेळावा. गावात ट्रॅक्टर चालवायला शिकायची संधी त्यांना सहसा कोणी देत नाही, इथे निदान पेडल आणि वळण यांची ओळख होते. मात्र कपडे बदलून, केस बांधून.

आणखी एक. एका ठिकाणी मी पाहिले, दांडीवरचे आणि साखळीवरचे झाकण निघालेले होते आणि गाडी तशीच पळत होती. विचारले तर पोऱ्या म्हणाला, "दुरुस्तीला काढलंय, उद्या बसवू." मी आमच्या मंडळींना त्या गाडीत बसू दिले नाही. तुम्हीही तिकीट काढण्याआधी गाडीच्या मागे जाऊन वाकून बघा. झाकण आहे का? टायरींचे कुंपण सलग आहे का? हेल्मेटचा पट्टा लागतो का, की नुसता लोंबतो? कानशिलावर हेल्मेट घट्ट बसले पाहिजे, मान हलवली तर त्याने मागे-पुढे नाचू नये. सीटला पट्टा असेल तर लावा. पेडलपर्यंत पाय नीट पोचतात का ते पाहा. लहान मुलाचे पाय पोचत नसतील तर ते मूल त्या गाडीचे नाही, मग त्याने कितीही भोकाड पसरले तरी. मुलाला मांडीवर घेऊन बसणे तर मुळीच नको. काही ठिकाणी शेजारी शेजारी दोन सीटांची गाडी असते, तिच्यातही मुलाच्या उंचीचा नियम असतो, तो पाळावा. या प्रश्नांना समाधानकारक उत्तर मिळाले नाही तर निघून यावे. एका मजुराच्या दिवसभराच्या रोजंदारीइतके पैसे पाच-सात फेऱ्यांना मोजायचे असतात, तेव्हा वाकून बघायला संकोच कसला? बैल घेताना आपण दात बघतोच की.

पायात बूट असावेत, चप्पल पेडलमध्ये अडकते. कंबरदुखी, मानदुखी, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया, पोटात बाळ, यांपैकी काही असेल तर कडेला उभे राहून टाळ्या वाजवाव्यात. घेतलेल्या माणसाला तर जवळही येऊ देऊ नये.

गाडी फिरून उलटी उभी राहिली तर काय करावे? ब्रेक दाबून धरावा, एक हात वर करावा आणि बसून राहावे. घाबरून खाली उतरू नये. मागून येणाऱ्याला बसलेला माणूसच जेमतेम दिसतो, उतरून पळणारा तर त्याच्या वाटेतच येतो. तिथला माणूस येऊन गाडी सरळ करून देतो. उतरताना इंजिनाच्या बाजूला हात टेकू नये, सायलेन्सर तापलेला असतो आणि भाजलेली कातडी पंधरा दिवस आठवण देते. झेंड्यांचा अर्थ आधी विचारून घ्यावा. साधारणपणे पिवळा म्हणजे पुढे काही घडले आहे, हळू चला. निळा म्हणजे मागच्याला वाट द्या. तांबडा म्हणजे थांबा. काळ्या-पांढऱ्या चौकटीचा दिसला की फेऱ्या संपल्या. निळा झेंडा दाखवला म्हणून पुष्कळांना अपमान वाटतो. अपमान कसला, जलद बैलजोडीला वाट देण्यात कमीपणा नसतो.

परत आल्यावर तुमच्या घरी काय होईल तेही मी सांगू शकतो. सातवी-आठवीतला मुलगा पॉवर वीडरच्या इंजिनाकडे वेगळ्या नजरेने बघू लागेल. मग जुन्या स्कूटरची चाके, लोखंडी पाइप, गावातला वेल्डर, आणि एक दिवस अंगणात गो-कार्ट उभी राहील. त्याला रागावू नका. आर्ट इंगल्सनेही हेच केले होते. पण तीन गोष्टी आपल्या हातात ठेवा. साखळीवर आणि दांडीवर पत्र्याचे झाकण बसेपर्यंत इंजिन चालू करू द्यायचे नाही. इंजिन बंद करायचे बटण हाताशी असले पाहिजे, मागे वळून शोधावे लागता कामा नये. आणि ती गाडी खळ्यात किंवा मोकळ्या रानात चालवायची, डांबरी रस्त्यावर अजिबात नाही. नोंदणी नसलेली गाडी रस्त्यावर आणणे बेकायदेशीर आहे, आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे उसाच्या ट्रॉलीवर बसलेल्या माणसाला एवढी बुटकी गाडी दिसतच नाही. वेल्डरला चहा पाजून ब्रेक आधी करून घ्या, इंजिन मागाहून बसवा. पोरे नेमके उलटे करतात.

सहलीचा हिशोब असा बसवा. सकाळी लवकर वाई सोडून वर जा, आधी वाफे आणि पठार, अकरा-बाराच्या उन्हात गो-कार्ट, मग जेवण. जेवून लगेच बसू नये, पोटात ढवळते. स्ट्रॉबेरी शेवटी घ्या, शेतावरूनच घ्या, आणि डब्यावर डबा रचून वर पिशव्या टाकू नका. घाटातल्या हिसक्यांनी खालच्या डब्याचा मुरंबा होतो. डबे मुलांच्या मांडीवर द्या, निम्मे वाईपर्यंत संपतील, पण फुटणार तरी नाहीत.

आणि ज्याला जीप चालवून घरी न्यायची आहे त्याने गो-कार्टमध्ये बसल्यावर निदान अर्धा तास स्टिअरिंगला हात लावू नये. मनगटे थरथरत असतात आणि डोळ्यांना वेगाची चटक लागलेली असते, ३० चा वेग रांगल्यासारखा वाटतो. चहा घ्या, थोडे चाला. पसरणीचा घाट उजेड असेपर्यंत उतरा, दुसऱ्या गिअरात, आणि वळणावर चढत्या गाडीला वाट द्या.